न छापलेल्या पुराचा पुरावा

किनारपट्टीवरील पुरांचा इतिहास दोन प्रकारच्या नोंदींवर उभा राहतो: पाणी मोजणाऱ्या आणि पाण्याबद्दल सांगणाऱ्या. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची आकडेवारी १८७८ पासूनची मिळते. हिंदी महासागराच्या काठी इतकी जुनी मोजणी फार थोड्या ठिकाणी झाली आहे. पण भरतीमापक एकाच बंदराची पातळी सांगतो. १८७८ च्या आधी काय घडले, आणि डहाणूपासून तेरेखोलपर्यंतच्या बाकीच्या किनाऱ्यावर त्यानंतरही काय घडले, हे जाणून घ्यायला कागदच चाळावे लागतात. जहाजांच्या रोजनिशा, महसुली दप्तरे आणि मिशनऱ्यांची पत्रे यांच्या जोडीला वृत्तपत्रांचे जुने अंक हा त्यातला सर्वांत दाट साठा. ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले, ‘बॉम्बे टाइम्स’ १८३८ मध्ये, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये, ‘इंदुप्रकाश’ १८६२ मध्ये आणि ‘केसरी’ १८८१ मध्ये.

अभ्यासाची रीत दिसायला सरळ आहे. अंक ओळीने वाचायचे, ‘तुफान’, ‘उधाण’, ‘वादळ’, ‘दर्याचे पाणी’ असे शब्द टिपायचे, आणि तारीख, गाव व नुकसान तक्त्यात उतरवायचे. अशा तक्त्यात काही वर्षे भरतात आणि बरीचशी कोरी राहतात. खरी अडचण या कोऱ्या घरांची आहे. एखाद्या वर्षाच्या सगळ्या अंकांत पुराची बातमी नसेल, तर त्या वर्षी पूर आला नाही असे म्हणता येईल का? इतिहासकाराला आणि धरण-बांध आखणाऱ्या अभियंत्याला हा रोजचा प्रश्न वाटेल. पण एखादी गोष्ट नाही हे ज्ञान कुठून येते, ते केव्हा खरे मानायचे, यावर भारतीय दर्शनांनी हजार-दीड हजार वर्षे वाद घातला आहे. त्या वादातली हत्यारे या कामी आजही धारदार ठरतात.

सुरुवात बातमी असलेल्या घरांपासून करावी लागते, कारण छापलेली ओळसुद्धा आपोआप पुरावा होत नाही. न्यायसूत्रे प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानतात. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. भाष्यकार वात्स्यायन आप्ताची ओळख देताना दोन अटी घालतो: त्याला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली असावी, आणि जशी कळली तशीच दुसऱ्याला सांगण्याची त्याची इच्छा असावी. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही तो हीच कसोटी लावतो. आप्तपणा जन्मावर किंवा पदावर अवलंबून नाही, तर सांगणारा आणि सांगितलेली गोष्ट यांच्या नात्यावर अवलंबून आहे, असा याचा अर्थ. वृत्तपत्राला ही कसोटी लावली की ते एकसंध साक्षीदार राहत नाही. एकाच पानावर संपादकाने स्वतः पाहिलेले असते, बातमीदाराने ऐकून लिहिलेले असते आणि दुसऱ्या पत्रातून जसेच्या तसे उतरवलेलेही असते. एकोणिसाव्या शतकात अशी उचल सर्रास चाले. म्हणून एकच मजकूर दहा पत्रांत सापडला, तरी साक्षीदार दहा होत नाहीत. मूळ सांगणारा एकच असेल, तर साक्षही एकच.

कलकत्त्याचे १७३७ चे उदाहरण इथे आठवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हुगळीच्या मुखाकडून मोठे वादळ आले आणि नदीचे पाणी चढले. पुढच्या वर्षी लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने मृतांचा आकडा ३ लाख छापला, आणि तो दोन-अडीचशे वर्षे ग्रंथांतून फिरत राहिला. भूकंपशास्त्रज्ञ रॉजर बिल्हॅम यांनी १९९४ मध्ये मूळ कागद तपासले. ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्याच अधिकाऱ्याने ३ हजार मृत्यूंची नोंद केली होती, आणि त्या काळच्या कलकत्त्याची वस्ती ३ लाखांच्या आसपासही नव्हती. लंडनच्या मासिकाला कलकत्त्याचे पाणी दिसलेले नव्हते. अधिकाऱ्याला दिसले होते. वात्स्यायनाची पहिली अट एकाने पाळली, दुसऱ्याने पाळली नाही.

मुंबईचे १ नोव्हेंबर १८५४ चे वादळ याच्या उलट टोकाला आहे. अवघ्या काही तासांत सुमारे हजार माणसे आणि ५ लाख पौंडांची मालमत्ता गेल्याचे सांगितले जाते. त्या वेळी ‘बॉम्बे टाइम्स’चा संपादक जॉर्ज बुइस्ट होता. तो भूगर्भशास्त्राचा आणि हवामानाचा अभ्यासक, कुलाबा वेधशाळेचे कामही काही काळ त्याच्याकडे होते. वायुभारमापक वाचू शकणारा माणूस वादळाच्या शहरात बसून पत्र चालवत असेल, तर त्या पत्रातील वादळाच्या ओळींना वेगळे वजन द्यावे लागते. वृत्तपत्रांचे दप्तर वापरणाऱ्याने संपादकांची चरित्रे वाचली पाहिजेत, ती याचसाठी.

आता ज्या वादळाची बातमीच सापडत नाही, त्याच्याकडे वळता येईल. जगातल्या सर्वांत प्राणघातक चक्रीवादळांच्या याद्यांत ‘मुंबईचे १८८२ चे महाचक्रीवादळ’ वर्षानुवर्षे दिसत आले आहे. ६ जून १८८२ ला समुद्र शहरात शिरला आणि १ लाख माणसे मेली, असे ही नोंद म्हणते. कोणी सांगितले, कोणी पाहिले, हे मात्र कुठेच नसते. एक यादी दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे. न्यायपरंपरेत या प्रकाराला नेमके नाव आहे: ऐतिह्य. ‘असे म्हणतात’ या रूपाने चालत आलेले आणि पहिला सांगणारा ठाऊक नसलेले ते ऐतिह्य. त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे या वडावर यक्ष राहतो ही गावची समजूत. ऐतिह्य हे वेगळे प्रमाण नाही, ते शब्दातच येते, असे नैयायिक म्हणतात. त्यामुळे त्यालाही आप्ताची अट लागू होते, आणि आप्त सापडला नाही तर त्याचे प्रामाण्य लटकते राहते. १८८२ चे वादळ हा वडावरचा यक्ष आहे.

त्याची तपासणी दोन अंगांनी करता येते. पहिले अंग संख्येचे. ‘संभव’ नावाचे एक प्रमाण काही जण मानत. मोठ्या मापात छोटे माप सामावलेले असते, यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे संभव. न्यायमते तेही अनुमानच. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. १ लाख म्हणजे जवळजवळ दर आठ माणसांमागे एक. १८९१ च्या गणनेत हीच संख्या ८,२१,७६४ भरली. आठवा हिस्सा एका सकाळी बुडालेल्या शहराच्या आकड्यांत असा ओघ दिसणे फार कठीण आहे.

दुसरे अंग मौनाचे. जून १८८२ मध्ये मुंबईत इंग्रजी दैनिके होती, गुजराती आणि मराठी पत्रे होती, तारखाते होते, हवामान खाते स्थापन होऊन सात वर्षे झाली होती, भरतीमापक चालू होता. पुण्याच्या ‘केसरी’चे चालक त्याच सुमारास कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यासाठी मुंबईच्या न्यायालयात उभे होते. जुलैत टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. डोंगरी गोदीपासून हाकेच्या अंतरावर. सव्वा महिन्यापूर्वी समुद्राने शहराचा आठवा हिस्सा नेला असता, तर ते न्यायालय, तो तुरुंग आणि तो खटला यांतले काहीच ठरल्याप्रमाणे चालले नसते. कोलंबिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या चक्रीवादळांचा धोका तपासताना २०१९ मध्ये स्पष्टच लिहिले की १८८२ चे ते वादळ झालेच नव्हते. इथे बातमी नसणे हाच भरभक्कम पुरावा ठरतो.

तो का ठरतो, याचे उत्तर सातव्या शतकात मीमांसक कुमारिल भट्टाने मांडलेल्या विचारात आहे. श्लोकवार्तिकात त्याने अभावाच्या ज्ञानासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानले. पुढे त्याला अनुपलब्धी हे नाव रुळले आणि अद्वैत वेदान्तानेही ते उचलले. जमिनीवर घडा नाही हे कशावरून कळते? घडा दिसत नाही यावरून. पण नुसते न दिसणे पुरत नाही. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, घडा डोळ्यांना दिसण्याजोगा हवा. घडा असता तर दिसलाच असता, असे म्हणता येण्याजोगी परिस्थिती असेल, तरच न दिसणे हे नसण्याचे प्रमाण होते. हीच योग्य अनुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर एवढेच कळते की खोलीत अंधार आहे.

बौद्ध तार्किक धर्मकीर्ती अनुपलब्धीला वेगळे प्रमाण मानत नाही, तिला तो अनुमानात घालतो. पण अट तीच ठेवतो. त्याच्या परंपरेतले उदाहरण पिशाचाचे. पिशाच स्वभावतःच डोळ्यांना न दिसणारे मानले, तर ‘मला दिसत नाही, म्हणून इथे पिशाच नाही’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. तिथे हाती येतो तो संशय. आहे असेही सिद्ध होत नाही, नाही असेही होत नाही.

१८८२ च्या मुंबईत उजेड भरपूर होता. लाख माणसांचा मृत्यू त्या उजेडात लपला नसता. पण याच न्यायाने मुंबईच्या बाहेर पाऊल टाकले की उजेड भराभर कमी होतो.

कोकणच्या खारेपाटातला एक साधा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. खाडीकाठची भातजमीन समुद्रापासून मातीच्या बांधाने राखलेली असते. बांधात उघाडी असते, लाकडी झडपेची. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ती बाहेर सोडते आणि भरतीला खारे पाणी अडवते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नैर्ऋत्येचा वारा मिळाला की लाटा बांधाच्या माथ्यावरून पडू लागतात. खेकड्यांनी पोखरलेल्या जागी आधी ओल दिसते, मग धार लागते, मग माती सुटून खांड पडते. एकदा खांड पडली की दर भरतीला ती रुंदावते. गावची माणसे पेंढा, काटेरी फांद्या आणि चिखल घेऊन दोन भरत्यांच्या मधल्या ओहोटीच्या पाच-सहा तासांत ती बुजवायला धावतात. जमले नाही तर लावणी केलेले शेत खाऱ्या पाण्याखाली जाते. रोप पिवळे पडते आणि पाणी ओसरल्यावर मातीवर मिठाची पांढरी साय उरते. ती धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात. या सगळ्यात बहुधा कोणी मरत नाही. घर पडत नाही, जहाज बुडत नाही. एका गावाचे दोन-तीन वर्षांचे अन्न जाते, एवढेच घडते.

ही बातमी छापखान्यापर्यंत कशी पोहोचणार? ज्या ऋतूत ती घडते, त्याच ऋतूत कोकणचा समुद्रमार्ग बंद असे. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारली जात आणि आगबोटींच्या फेऱ्या थांबत. तार मोठ्या गावांपुरती होती. ज्यांचे शेत गेले त्या आगरी-कोळी कुटुंबांत एकोणिसाव्या शतकात वर्गणी भरून पत्र घेणारा विरळा, पत्राला बातमी लिहून पाठवणारा त्याहून विरळा. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप १९३३ पासून काही वर्षे चालला, आणि त्याच चळवळीतून १९३७ मध्ये ‘कृषीवल’ निघाले. खारेपाटातल्या कुळांचे जगणे ज्या पत्राचा मुख्य विषय होते असे पत्र इतक्या उशिरा आले. अशा पत्राच्या जन्मानंतर तक्त्यात बांध फुटल्याच्या नोंदी वाढल्या, तर त्यावरून समुद्र चवताळला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. वाढलेला असतो तो उजेड.

उजेडाचे हे अंतर मैलांत मोजता येत नाही. १७ जुलै १९४७ ला, दीप अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबई बंदराबाहेर उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. देशातली मोठी वर्तमानपत्रे तिथून काही मैलांवर छापली जात होती, तरी मुंबईला हे कळायला वाचलेल्यांनी पोहत, ओंडक्या-फळ्यांना धरून किनारा गाठावा लागला. आणि ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने चढले, तेव्हा विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे पडून गावेच्या गावे कित्येक दिवस बोलू शकली नाहीत. वाडीतल्या सुपारी-नारळाच्या झाडांचा सडा पडला होता. मुंबई वाचली या दिलाशाने वाहिन्यांचे लक्ष तोवर दुसरीकडे गेले होते. वादळ जितके मोठे, तितकी ते आपल्याच बातमीची वाट अधिक तोडते. घड्यानेच दिवा विझवावा, असा हा प्रकार आहे आणि कुमारिलाच्या उदाहरणात त्याला जागा नाही. किनाऱ्याच्या इतिहासकाराला मात्र ती करून घ्यावी लागते.

मीमांसेतल्याच प्रभाकराच्या अनुयायांनी कुमारिलावर घेतलेला आक्षेप इथे अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. ते म्हणत, अभाव अशी काही वेगळी वस्तू नसतेच. घडा नाही म्हणजे डोळ्यांसमोर फक्त जमीन आहे. वृत्तपत्राचे पान अगदी असेच असते. त्यात पुराची बातमी नसेल तिथे मोकळी जागा सोडलेली नसते. तिथे कापसाचे भाव असतात, नाटकाची जाहिरात असते, गव्हर्नरांच्या दौऱ्याची हकिगत असते. मौन हे भरगच्च मजकुराच्या रूपाने समोर येते, म्हणून वाचणाऱ्याला ते मौन वाटतच नाही. अंक वाचून संपवला, सगळे कळले, असे समाधान होते. वृत्तपत्रांच्या दप्तरातला सर्वांत मोठा धोका या समाधानात आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

याला आणखी एक चाळणी जोडलेली आहे. १८६८ पासून मुंबई सरकार देशी पत्रांचे साप्ताहिक सारांश इंग्रजीत तयार करून घेत असे. मूळ अंक हरवलेल्या कित्येक पत्रांचा आज एवढाच मागमूस उरला आहे, त्यामुळे अभ्यासक या सारांशांकडे आवर्जून जातात. पण ते केले गेले राज्यकर्त्यांना लोकमत कळावे म्हणून. संपादकाने कलेक्टरवर टीका केली तर ती उतरवली जाई. खाडीच्या बांधाची खांड राजद्रोहात मोडत नव्हती. म्हणजे एका डोळ्याने पाहिलेल्यातले दुसऱ्या डोळ्याने निवडलेले आज हाती येते.

हे सारांश आणि अशी दप्तरे पाहायला महाराष्ट्रातला अभ्यासक मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जातो, तसा दिल्लीत जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारातही जातो. तिथून काही किलोमीटरवरचे करोल बाग आणि त्याला लागून असलेले जुने राजेंद्र नगर हा भाग मराठी घरांत आज एका वेगळ्या कारणाने ओळखीचा आहे. स्पर्धा परीक्षांसाठी राज्यातली शेकडो मुले तिथल्या खोल्यांत राहतात आणि रोज सकाळी वर्तमानपत्रातली कात्रणे काढतात. करोल बाग दिल्लीच्या डोंगरकण्याच्या बाजूला आहे, यमुनेच्या पूरपट्ट्यात नाही. १९७८ मध्ये यमुना २०७.४९ मीटरपर्यंत आणि जुलै २०२३ मध्ये २०८.६६ मीटरपर्यंत चढली, तेव्हाही पूर तिथपर्यंत आला नाही. तरी २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी जोराचा पाऊस झाला, रस्त्यावर साचलेले पाणी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात घुसले आणि तिथल्या वाचनालयात अडकलेले तीन विद्यार्थी मरण पावले. तळघराला परवानगी वाचनालयाची नव्हती. त्याबद्दलची तक्रार आधीच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने पालिकेकडे केली होती.

समुद्रापासून इतक्या दूरच्या या घटनेत किनाऱ्याच्या इतिहासाला लागू पडणारी एक गोष्ट लख्ख दिसते. त्या रस्त्यावर पाणी आदल्या पावसाळ्यांतही साचत होते. ते साचणे बातमी नव्हते, मृत्यू ही बातमी झाली. वृत्तपत्र पाण्याची नोंद करत नाही, हानीची करते. शंभर वर्षांनी कोणी फक्त देशभरच्या दैनिकांवरून या भागाचा तक्ता केला, तर त्यात २०२४ चे घर भरलेले दिसेल आणि आधीची घरे कोरी. आणि तो म्हणेल की पाणी त्या वर्षी पहिल्यांदा आले. त्या तीन मुलांच्या बाबतीत हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, अन्याय्यही आहे. आधीच्या पाण्याकडे कोणी पाहिले नाही म्हणूनच ती गेली.

पाणी आणि हानी यांची नोंद एकत्र मिळते असे प्रसंग थोडे, पण ते मोलाचे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्रात मोठा भूकंप झाला. सुनामीच्या लाटा त्या सकाळी मुंबईपर्यंत आल्या. कराची आणि मुंबईच्या भरतीमापकांनी पाण्याची हालचाल टिपली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पुढे त्या आलेखांवरून दाखवले की लाटांची ऊर्जा उथळ किनारपट्टीत अडकून राहिली होती, म्हणून पाणी तासन्‌तास खाली-वर होत होते. आलेख एवढे सांगतो. वर्सोव्याला मासे पकडणारी पाच माणसे वाहून गेली, हाजी अलीजवळ सहा जण समुद्रात ओढले गेले, दांडा आणि जुहूच्या होड्या दाव्यांवरून सुटल्या, हे त्या वेळच्या वृत्तांतांमुळे कळते. भरतीमापकाच्या वळणदार रेषेत कोळी नाहीत, आणि बातमीत लाटेचे गणित नाही. मुंबईतला मृतांचा आकडा पंधरा सांगितला जातो. योग्यतेची कसोटी इथेही लावायलाच हवी: हा आकडा बातमीदाराच्या नजरेतल्या मुंबईचा आहे.

बातमीत शिरलेला श्रद्धेचा शब्दही वेगळा ओळखावा लागतो. इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीत जानेवारी १६०७ मध्ये आलेल्या पुराची माहिती मुख्यतः त्या वेळच्या पत्रकांतून मिळते, आणि त्यातल्या एकाचे नावच देवाने आपल्या लोकांना दिलेला इशारा असे आहे. कोकणात समुद्राला मर्यादा असते ही धारणा खोल रुजलेली आहे. परशुरामाने समुद्र मागे हटवून ही भूमी मिळवली अशी कथा, नारळी पौर्णिमेला दर्याला दिलेला नारळ, पुळणीवर पसरणाऱ्या वेलीचे मर्यादवेल हे नाव, सगळ्यांत तीच कल्पना आहे: समुद्र आपली वेस ओलांडत नाही. म्हणून पूर आला की ‘दर्याने मर्यादा सोडली’, ‘देवाचा कोप झाला’ असे शब्द सहज उमटतात. अभ्यासकाने ते टाकून देऊ नयेत. कोप हा शब्द पाण्याची उंची सांगत नाही, पण हे पाणी सांगणाऱ्याच्या आयुष्यातल्या नेहमीच्या उधाणापलीकडचे होते हे सांगतो. ती आप्ताची साक्ष आहे, फक्त तिचा विषय पाण्यापेक्षा अपेक्षा हा आहे.

कधी कधी पूर आपला पुरावाच घेऊन जातो. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. वाशिष्ठीचे पाणी खाडीच्या भरतीला अडले की चिपळुणात तुंबते. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला ते बाजारपेठेत शिरले, आणि दोन्ही वेळा या वाचनालयात घुसून त्याने हजारो पुस्तकांचा लगदा केला. भिजलेला कागद फुगतो, पाने एकमेकांना चिकटतात, वाळल्यावर जिल्द विटेसारखी घट्ट होते आणि उघडायला गेले तर तुकडे पडतात. जुने अंक सर्वांत आधी जातात, कारण त्यांचा कागद हलका असतो. ज्या गावांना पुराचा इतिहास जास्त, त्यांच्याच दप्तरात तो कमी उरतो. अशा ठिकाणचे कोरे घर पूर आला नाही हे सुचवत नाही. कदाचित एकापेक्षा अधिक वेळा आला, हे सुचवते.

या सगळ्याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. बांध किती उंच घालायचा, भरतीरेषेपासून किती अंतरावर घर बांधू द्यायचे, हे मागच्या पुरांच्या वारंवारतेवरून ठरते. कोरे घर शून्य धरले की वारंवारता खोटी कमी होते, आणि बांध तितकाच ठेंगणा राहतो. म्हणून तक्त्यात कोऱ्या घराला दोन वेगळ्या खुणा असायला हव्यात. जिथे त्या काळी त्या गावात पाहणारा होता, त्याचे लिहिलेले छापणारे पत्र होते, मधली वाट चालू होती आणि तो अंक आज शाबूत आहे, तिथे ‘पूर नाही’ असे लिहिण्याचा अधिकार आहे. या चारपैकी एकही कडी तुटली असेल, तर तिथे ‘संशय’ लिहावे लागते. ती कडी महसुली दप्तरातली बांधदुरुस्तीची तगाई, शेतसाऱ्याची सूट, देवस्थानाच्या हिशेबातला खर्च किंवा खाडीच्या गाळातला वाळूचा थर यांनी कधी कधी जोडता येते, आणि मग संशयाचे घर भरते.

अशी खूण करत गेले की नकाशाचे रूप पालटते. मुंबई बंदराच्या भोवती १८३८ नंतरची बरीच घरे खात्रीने ‘पूर नाही’ अशी भरता येतात, आणि १८८२ चे घर त्यांतले सर्वांत ठळक. तिथून धरमतरची खाडी ओलांडली की चित्र बदलते. १८७८ पासून अपोलो बंदरावर उधाणांची उंची आकड्यांत उतरू लागली होती. तीच उधाणे त्याच दिवशी, काही मिनिटांच्या फरकाने, खाडीकाठच्या बांधांनाही धडकत होती. त्यांतल्या कोणत्या उधाणाला कोणत्या गावाची खांड पडली आणि कोणाचे भात खारे झाले, त्या रकान्यात एकोणिसाव्या शतकासाठी बहुतेक जागी ‘संशय’ एवढाच शब्द येतो.